क्वीन्सटाउनचे शनिवार

ट्रेनिंग दुपारी बारालाच संपलं. अलेक्झांड्रा रोडवरच्या त्या ऑफिसातून निघून सरळ घरी जायचं, पडदे ओढून झोपायचं, असं ठरवलं होतं. पण क्वीन्सटाउन स्टेशनच्या जिन्यापाशी आले आणि मागे वळले. नऊ वर्षांत या भागात पाऊल टाकलं नव्हतं. खरं म्हणजे टाळलंच होतं.

तो जुना रहिवासी ब्लॉक अजून उभा आहे. माणसं गेली आहेत. इमारत पाडायची ठरल्यावर सगळ्यांना दुसरीकडे फ्लॅट मिळाले. खिडक्यांबाहेर बांबूंवर वाळत घातलेले कपडे नाहीत, कुंड्या नाहीत. खालचा व्हॉइड डेक, म्हणजे खांबांवर उभ्या असलेल्या इमारतीखालची ती मोकळी जागा, आता पत्र्यांनी वेढत आणली आहे. एका कोपऱ्यात पत्रा अजून लागला नव्हता, तिथून आत गेले. आमचं दगडी टेबल जागेवर होतं. वर बुद्धिबळाचा पट कोरलेला, भोवती चार दगडी स्टुलं.

वास मात्र कुठलाच नव्हता. मी उभी राहून दोनतीनदा खोल श्वास घेतला. हवा तशीच दमट, अंगाला चिकटणारी, पण रिकामी. त्या वर्षी या जागेला किती वास होते! आज्यांनी कपाळाला चोळलेल्या औषधी तेलाचा झणझणीत वास. कोपऱ्यातल्या कॉफीच्या दुकानातून येणारा, लोण्यात भाजलेल्या कॉफीच्या बियांचा करपट गोड वास. लिफ्टपाशी उदबत्ती. आणि आमच्या टेबलावर लाल प्लास्टिकच्या पिशव्या उघडल्या की येणारा, जुन्या गोळ्यांचा कडवट, खडूसारखा वास. तो वास माझ्या बोटांना रविवारपर्यंत राहायचा.

तिथे उभं राहून माझे डोळे भरून यायला हवे होते, असं वाटतं. पण मला चीड आली. नऊ वर्षं जुनी, अजून धग असलेली. आणि तीही नेमकी कुणावर, हे मला त्या दिवशी दुपारपर्यंत नीट ठाऊक नव्हतं.

फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला असताना मला ऑनर सोसायटीत घेतलं. वर्गातल्या सगळ्यात जास्त मार्कांच्या बाराजणांची ही सोसायटी. पत्र आलं तेव्हा बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये आईने ते देवापुढे ठेवलं. समारंभाला ती रेशमी साडी नेसून आली आणि बाबा बँकेतून अर्धी रजा काढून. हॉलमधले दिवे मंद केले गेले. आम्ही पांढरे कोट घालून रांगेत उभे, प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती. खरी नव्हे, बॅटरीवरची, कारण खऱ्या मेणबत्तीने हॉलमधला धुराचा अलार्म वाजला असता. एकसुरात शपथ म्हटली. मग गळ्यात हिरव्या-सोनेरी काठाचा पट्टा घातला आणि कोटाला खलबत्त्याचं चित्र असलेली पिन टोचली.

"उपरणं छान आहे," आई बाहेर आल्यावर म्हणाली. "आणि हे काय, खलबत्ता? घरी कधी हात लावला नाहीस त्याला."

मी हसले. शुआनही हसली. तिला मराठी कळलं नव्हतं, पण आईच्या बोटाचा रोख कळला होता. शुआन माझी वर्गातली मैत्रीण. त्या दिवशी सकाळी माझा कोट तिनेच इस्त्री केला होता, कारण मी केली की बाहीला दोन रेघा पडायच्या. ती सोसायटीत नव्हती. कुठल्याशा एका सेमिस्टरला तिचे मार्क खाली गेले होते. ते का गेले हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. प्रेक्षकांत आईशेजारी बसून ती सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवत होती.

मी त्या वर्षाची सेक्रेटरी झाले. पहिल्या महिन्यातच लक्षात आलं की आमची सोसायटी म्हणजे मीटिंग. बुधवारी संध्याकाळी, काचेच्या खोलीत, एसी इतका थंड की मी आईची शाल घेऊन जायचे. प्रमाणपत्रावरची अक्षरं तिरकी असावीत की सरळ, यावर एक मीटिंग. जॅकेटचा हिरवा रंग गडद की पोपटी, यावर दोन. आमचा प्रेसिडेंट क्लॅरेन्स गोरा, देखणा, बोलण्यात अतिशय नम्र मुलगा. तो प्रत्येक वाक्य "आपण सगळे मिळून" असं सुरू करायचा आणि शेवटी निर्णय त्याचाच असायचा. मी मिनिट्स, म्हणजे मीटिंगचा वृत्तांत, लिहायचे. एसीने बोटं आखडायची आणि मनात यायचं, यासाठी का मी रात्रंदिवस अभ्यास केला?

तेव्हा शुआनने शनिवारची कल्पना मांडली. कॅन्टीनमध्ये बसलो होतो. ती बांडुंग, म्हणजे गुलाबाचं सरबत घातलेलं गुलाबी दूध, पीत होती, स्ट्रॉने बर्फ ढवळत.

"आमच्या ब्लॉकमधले म्हातारे तीन तीन क्लिनिकची औषधं खातात," ती म्हणाली. "कुठली कशाची, त्यांना माहीत नाही. एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. आपण खाली टेबल टाकून बसू या ना. फक्त यादी करून द्यायची. शंका आली तर त्यांच्या क्लिनिकला फोन. औषध बदलायचं नाही, काही नाही."

"मग कर की सुरू."

"मी एकटी? कोण विचारणार मला? तुझ्या सोसायटीचं नाव असेल तर परवानगी मिळेल, लाह." हे 'लाह' म्हणजे इथल्या बोलण्याचं शेपूट, कुठल्याही वाक्याला लागतं.

माझ्या सोसायटीचं नाव. ते मी दिलं. तीन फॉर्म भरले, विम्याचं पत्र आणलं, मग कुठलासा चौथा फॉर्म राहिला म्हणून तिन्ही परत आले. आमच्या सल्लागार प्राध्यापिका, ज्यांना सगळे नुसतं प्रोफ म्हणायचे, त्यांची सही घ्यायला मी पाच वेळा त्यांच्या दाराशी उभी राहिले. सहाव्यांदा त्या भेटल्या, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "छान उपक्रम आहे. सोसायटीला असं काहीतरी हवंच होतं." त्यांची सही बारीक आणि सुंदर होती.

पहिल्या शनिवारी ऑगस्ट संपत आला होता. चिनी लोकांचा भुकेल्या भुतांचा महिना. ब्लॉकमागच्या गवतावर पत्र्याच्या पिंपांत लोक कागदी नोटा जाळत होते, पितरांसाठी. आईला घरी जाऊन सांगितलं तर म्हणाली, "आपला पितृपक्षच की." काळी राख तरंगत आमच्या टेबलावर यायची, लिहिलेल्या यादीवर बसायची. हाताने झटकली तर डाग पडायचा. शुआनने शिकवलं, फुंकर मारायची.

पहिले दोन शनिवार कुणी आलंच नाही. तिसऱ्या शनिवारी गोह आंटी आल्या. सत्तरी ओलांडलेली, काटकुळी बाई, फुलाफुलांचा पायजमा आणि ब्लाउज, एका हातात जेडची बांगडी. त्यांनी लाल पिशवी टेबलावर उपडी केली. शुआन त्यांच्याशी होक्कियन या त्यांच्या चिनी बोलीत बोलू लागली. मी गोळ्यांची नावं वाचत होते. प्रत्येक गोळी पोटात गेल्यावर कुठे काय करते, हे मला पान क्रमांकासकट पाठ होतं. पण "सकाळी उठल्यावर चक्कर येते का?" एवढं त्या बाईला विचारायला माझ्याकडे भाषा नव्हती. तिथे बसून हे कळलं आणि कान गरम झाले.

चक्कर येत होती. एकच रक्तदाबाची गोळी दोन क्लिनिकांनी दोन वेगळ्या नावांनी दिली होती आणि गोह आंटी दोन्ही इमानेइतबारे घेत होत्या. खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचून ते शुआनने ओळखलं. माझ्याही समोर तीच खोकी होती. तिने तिथूनच क्लिनिकला फोन लावला, आंटींना लिफ्टपर्यंत सोडून आली आणि पुन्हा बसली. जणू काही झालंच नाही.

"तुलाच सोसायटीत घ्यायला हवं होतं," मी म्हणाले.

"आधी तू होक्कियन शिक," ती म्हणाली. "ऐक. च्याक पा ब्वे. जेवलात का?"

मी म्हटलं. चुकीचं म्हटलं. पुढच्या शनिवारी गोह आंटींना म्हणून दाखवलं तर त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. मग दर शनिवारी येऊन आधी माझ्यासमोर उभ्या राहायच्या, मी ते म्हणेपर्यंत बसायच्याच नाहीत. हसून झालं की मला दंडाला एक चापट.

त्यानंतर पिशव्या येऊ लागल्या. दिवाळीत आईने चकल्यांचा डबा दिला. तो गोह आंटींनी जवळजवळ एकटीने संपवला आणि आपल्या तीन मैत्रिणींना घेऊन आल्या. डिसेंबरात पाऊस असा यायचा की व्हॉइड डेकच्या चारी बाजूंना पाण्याचे पडदे, आत आम्ही, पलीकडच्या टेबलावर म्हाताऱ्यांच्या माजाँगच्या सोंगट्यांचा खळखळाट. बोलणं ऐकू यायचं नाही. मग शुआन कागदावर सूर्य आणि चंद्र काढायची. सूर्याखाली सकाळच्या गोळ्या, चंद्राखाली रात्रीच्या. पाऊस थांबला की कोकिळा ओरडायच्या. त्या इथे वर्षभर ओरडतात, त्यांना वसंत वगैरे लागत नाही. चिनी नववर्षाला आंटींनी दोन्ही हातांनी दोन दोन संत्री दिली. ती सोलली की टेबलाचा गोळ्यांचा वास जायचा आणि संत्र्याचा यायचा. इतकी साधी गोष्ट, पण नंतर कुठल्याही हॉस्पिटलात, कुठल्याही ड्यूटीवर मला तसं सुख मिळालं नाही.

क्लॅरेन्स एकदाच आला, फेब्रुवारीत. सोबत एक फोटोग्राफर आणि गुंडाळलेला बॅनर. दोन खांबांमध्ये बॅनर बांधला, सोसायटीचं नाव, खलबत्ता. दुसरे चार मेंबरही त्या दिवशी पहिल्यांदाच उगवले, इस्त्रीचे कोट घालून. आंटींना पुढे खुर्च्यांवर बसवलं. शुआन नेहमीच्या जागी, माझ्या शेजारी उभी राहिली.

"सॉरी हं," क्लॅरेन्स म्हणाला, अगदी गोड आवाजात. "बॅनरवर सोसायटीचं नाव आहे ना, म्हणून फोटोत फक्त मेंबर्स. आपण सगळे मिळून नंतर एक काढू, लाह."

मी तोंड उघडलं. मला आठवतं, ते उघडलं होतं. पण तेवढ्यात शुआन "ओके, ओके" म्हणत बाजूला झाली. फोटोग्राफरने तिच्या हातात लाइटची छत्री दिली, तर ती धरून उभी राहिली. गोह आंटी मान वळवून वळवून तिला बोलावत होत्या. फोटोत त्यामुळे त्यांचा चेहरा हललेला आहे. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात मी हसते आहे. नंतरचा, सगळे मिळून काढायचा फोटो राहून गेला.

त्या आठवड्यात मी प्रोफना भेटले. दीड पानाचा अर्ज लिहून नेला होता. शुआनला मानद सभासद करून घ्यावं. शनिवारचं टेबल तिचं आहे, आम्ही नाव पुरवलं फक्त. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. त्यांच्या खोलीत जास्मिन चहाचा वास होता.

"तू मनापासून लिहिलं आहेस," त्या म्हणाल्या. "पण सोसायटी मार्कांवर आहे. एकीसाठी नियम वाकवला तर ज्यांना अर्ध्या मार्काने नाही म्हटलं, त्यांना मी काय सांगू?"

"पण प्रोफ, काम तर तिनेच..."

"कामाबद्दल आभार मानता येतात. वार्षिक समारंभात भाषण तूच करणार आहेस ना? तिथे तिचं नाव घे. मला आवडेल."

मी दार ओढून बाहेर पडले आणि कॉरिडॉरमध्ये भिंतीला हाताची मूठ टेकवून उभी राहिले. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं म्हणता येईना, म्हणून अधिकच राग येत होता. पुढचे पंधरा दिवस मी धुसफुसत होते. मीटिंगमध्ये, बसमध्ये, आईवर, बाबांवर. शुआनला सांगितलं तर तिने खांदे उडवले. "मला कशाला हवाय पट्टा? यादी लिही तू." मला वाटलं, ती मोठेपणा दाखवते आहे. मग मी भाषण लिहिलं. त्यात एक परिच्छेद फक्त तिच्याबद्दल. तो मी इतक्यांदा खोडून लिहिला की कागद मऊ पडला. तिला सांगितलं नाही. तिला तिथेच ऐकू दे, असं मनात होतं.

समारंभ एप्रिलच्या सुरुवातीला झाला. सोसायटीला समाजसेवेचं बक्षीस मिळालं. कार्यक्रम लांबला होता. माझ्याआधी एका पाहुण्यांनी फार वेळ घेतला. मी स्टेजच्या पायऱ्या चढत होते तेव्हा क्लॅरेन्स कानाशी म्हणाला, "दोन मिनिटं. प्लीज. डीनना निघायचंय."

शुआन हॉलच्या मागच्या दाराशी होती. पाहुण्यांना नावाचे बिल्ले द्यायला सोसायटीला मदत हवी होती, म्हणून मीच तिला बोलावलं होतं. मी बोलायला लागले. पहिला परिच्छेद. दुसरा. समोरच्या रांगेत डीननी मनगट किंचित वळवून घड्याळ पाहिलं. मी तिसऱ्या परिच्छेदावर आले, त्याचा पहिला शब्द तिचं नाव होता, आणि माझी नजर त्यावरून घसरून खाली गेली. "शेवटी, आमच्या प्राध्यापिकांचे आणि विद्यापीठाचे मनःपूर्वक आभार." टाळ्या झाल्या. तो परिच्छेद वाचायला चाळीस सेकंद लागले असते. घरी आरशासमोर मी घड्याळ लावून पाहिलं होतं.

मागच्या दाराशी तीही टाळ्या वाजवत होती.

घरी आईने बक्षिसाची ती काचेची ढाल हातात घेऊन फिरवून पाहिली. "शुआन खूश झाली असेल. तिचं नाव घेणार होतीस ना?"

"There was no time, Aai. It's not that simple."

"मराठीत सांग."

मला मराठीत सांगता येईना. "वेळ नव्हता" एवढंच म्हटलं, आणि ते आमच्या भाषेत म्हटल्यावर फारच उघडंवाघडं दिसलं. आई ढाल टीव्हीशेजारी ठेवून पोळ्या करायला गेली. मी तिच्यामागे जाऊन क्लॅरेन्सबद्दल, डीनबद्दल, नियमांबद्दल बोलत राहिले. तव्यावरची पोळी फुगली, तिने ती कापडाने दाबली आणि मला म्हणाली, "जेवून घे."

पुढच्या शनिवारी मी क्वीन्सटाउनला गेले नाही. परीक्षा आहे असा मेसेज केला. परीक्षा होतीच. त्याच्या पुढच्या शनिवारीही गेले नाही. शुआनला तोंड कसं दाखवायचं हे कळत नव्हतं, आणि दर आठवड्याला ते आणखी कठीण होत गेलं. मग सोसायटीची नवी कमिटी आली. त्यांनी नवा उपक्रम घेतला, प्लास्टिकच्या बाटल्यांविरुद्ध. चौथ्या वर्षी आमच्या ट्रेनिंगच्या जागा वेगळ्या होत्या. वर्गात दिसलो तर हसायचो. आणि बस.

गेली नऊ वर्षं कुणी विचारलं की मी हे सांगते, की सोसायट्या, नियम, बॅनर, घड्याळं, यांनी एक चांगली गोष्ट कशी मारून टाकली. मी ते छान सांगते. ऐकणारे माना डोलावतात.

त्या दुपारी रिकाम्या ब्लॉकखाली मी मनातल्या मनात तेच पुन्हा सांगायला लागले आणि ऐकायला कुणी नव्हतं. बाहेर कामगार पत्रे उतरवत होते. त्यांच्यातल्या एकाने हातानेच खूण केली, इथे थांबू नका. मी निघाले.

शुआन बिशानच्या एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे हे मला माहीत होतं. वर्गातल्या कुणीतरी केव्हाच सांगितलं होतं. बिशानला मी किती वेळा गाडी बदलली असेल. एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर, मान खाली. त्या दिवशी बुओना व्हिस्टाला गाडी बदलून बिशानला उतरले आणि पहिल्यांदा स्टेशनबाहेर पडले.

काउंटरपुढे रांग होती. मी रांगेत उभी राहिले. शुआनने केस कापले आहेत, चष्मा लागला आहे. एका म्हाताऱ्या गृहस्थांना ती खोकल्याचं औषध कसं मोजायचं ते तिसऱ्यांदा सांगत होती, पहिल्यांदा सांगितल्यासारखं. माझा नंबर आला. तिने मान वर केली.

"तू?" ती म्हणाली. "आजारी आहेस?"

"नाही. क्वीन्सटाउनला गेले होते आज. ब्लॉक पाडतायत."

"हो. आईला नवीन फ्लॅट मिळाला. मोठा आहे." मग तिने वाट पाहिली.

मी सांगून टाकलं. भाषण, तिसरा परिच्छेद, डीनचं घड्याळ, चाळीस सेकंद. तिच्या नावाने सुरू होणारं वाक्य. भराभर सांगितलं, कारण मागे लोक होते. शेवटी म्हटलं, "सॉरी. मी तेव्हा तुझं नाव घ्यायला हवं होतं."

तिच्या कपाळाला आठी पडली. ती आठवत होती. खरंच आठवत होती.

"कुठलं भाषण?" ती म्हणाली. "मी तर बिल्ले मोजत होते. टाळ्या वाजल्या की वाजवत होते." मग तिचा आवाज बदलला. "तू पुढच्या शनिवारी आली नाहीस."

मी काउंटरच्या कडेला हात टेकवला.

"गोह आंटी उभ्या राहिल्या होत्या टेबलापाशी. तू आल्यावर बसते म्हणाल्या. दोन-तीन आठवडे तसंच केलं त्यांनी. मी सांगितलं, परीक्षा आहे तिची. मग म्हटलं, बिझी आहे. मग त्यांनी विचारणं सोडलं."

"आणि तू?"

"मी जूनपर्यंत बसले एकटी. मग मलाही ट्रेनिंग लागलं, शनिवारीसुद्धा. आंटींना क्लिनिकचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिला आणि बंद केलं." तिने काउंटरवरचं पेन उचलून सरळ ठेवलं. "आपण दोघींनी सोडलं. तू आधी सोडलंस, एवढंच."

रागावली असती तर बरं झालं असतं. मी त्याची तयारी करून गेले होते. नऊ वर्षं मी ज्या रागाला सांभाळून होते, त्यात प्रोफ होत्या, क्लॅरेन्स होता, अख्खं विद्यापीठ होतं. आणि तिच्या हिशेबी त्यातलं कुणी नव्हतंच. एक दगडी टेबल होतं आणि एक न आलेली मुलगी.

"आंटी कशा आहेत?" मी विचारलं.

"गेल्या. तीन वर्षं झाली."

माझ्यामागची बाई खाकरली. शुआनने तिच्याकडे पाहून मान हलवली, एक मिनिट. मग मला म्हणाली, "लोक आहेत मागे. नंबर तोच आहे माझा."

मी बाहेर आले. दुकानासमोर मॉलच्या पॅसेजमध्ये एक बाक होता, त्यावर बसले. फोनमध्ये तिचा नंबर होता. तिथला माझा शेवटचा मेसेज परीक्षेचा होता, आणि त्याखाली तिचं उत्तर, 'ओके, ऑल द बेस्ट'. मी लिहिलं, खोडलं. लांबलचक लिहिलं, तेही खोडलं. शेवटी विचारलं, ड्यूटी कधी संपते? भेटू का?

काचेतून ती दिसत होती. बराच वेळ तिने फोन पाहिला नाही. दोन गिऱ्हाइकं गेली, एक मूल रडलं, एका आजोबांना तिने खुर्ची दिली. मग खाली वाकून तिने फोन घेतला. उत्तर आलं.

'सात वाजता. येणार असशील तरच हो म्हण.'

मी हो लिहिलं. तीन वाजायला आले होते. जवळपास चार तास होते. घरी जाऊन परत येता आलं असतं. मी गेले नाही. त्याच बाकावर बसून राहिले.